गेट पडण्याआधी

कागद एकाच पानाचा होता, वहीतून फाडलेला. वर हिंदीत खर्चाचा अंदाज असं लिहिलेलं आणि खाली एकेक ओळ: जमीन सपाट करायला जेसीबी, उड्यांसाठी मुरुमाचे ढिगारे, पाण्याचे दोन टँकर, बांबू, दोरी, मंडप, साउंड, निवेदक, बॅनर, करंडक, पाहुण्यांचे सत्कार. प्रत्येक ओळीपुढे रक्कम होती. सगळ्यात खाली ‘ॲम्ब्युलन्स – 108 को बता देना’ एवढंच होतं, आणि त्या ओळीपुढचा रकाना कोरा होता.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात, एका जुन्या घराच्या पडवीत, हा कागद मामांच्या हातात होता. मामांचं वय 68. एकेकाळी त्यांनी येझदीवर आणि नंतर आरएक्स हंड्रेडवर मातीच्या शर्यती केल्या. पुढे चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. आता गॅरेज बंद आहे, तरी आसपासच्या गावांतली पोरं कार्ब्युरेटर घेऊन अजून दारात येतात. त्यांच्यातल्याच काहींनी शर्यत ठरवली होती आणि स्टार्ट गेट मामांच्या हातून पडावं अशी त्यांची इच्छा होती. कागद नजरेखालून घालायला त्यांनीच दिला होता.

नागपूरच्या एका रुग्णालयात अपघात विभागात काम करणारी भाची चार दिवसांसाठी आजोळी आली होती. तिने कागद मागून घेतला आणि शेवटची ओळ दोनदा वाचली.

“मामा, ही ओळ पहिली हवी.”

“बेटा, शर्यत गावची आहे. ऑलिंपिक नव्हे.”

इथून वाद सुरू झाला. तो दिवेलागणीपर्यंत चालला, जेवणानंतर पुन्हा उकरला गेला आणि त्यातला एक मुद्दा शेवटपर्यंत मिटला नाही.

रायपूरला मातीवरची शर्यत नवी नाही. 2023 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय सुपरक्रॉसची फेरी बूढापाऱ्याच्या आउटडोअर स्टेडियमवर झाली. तात्यापाऱ्यातून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, बूढा तलावाच्या शेजारी. ज्यांनी मोटोक्रॉस फक्त मोबाइलवर पाहिलं होतं त्यांनी दुचाक्या डोक्यावरून उडताना पाहिल्या. पुढच्या वर्षी, जानेवारी 2024 मध्ये, पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग सुरू झाली आणि परदेशी रायडर भारतीय मातीवर उतरले. अशा मोठ्या स्पर्धांची हवा गावापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. धान कापून झालं की शेतं मोकळी होतात आणि भाठ्याची मुरमाड, पडीक जमीन तर वर्षभर मोकळीच असते. जेसीबी दोन दिवस फिरला की ट्रॅक तयार.

मामांचा पहिला मुद्दा वेगाचा होता. “डांबरी ट्रॅकवर दोनशेच्या पुढे जातात. मातीवर एवढा वेग येतो कुठे? वळणच वळण. पडलं तर माती मऊ. आम्ही काय कमी पडलो?”

“भाठ्याचा मुरूम मऊ असतो?”

मामा गप्प बसले, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या दोन्ही कोपरांवर होतं.

भाचीचं म्हणणं असं की मातीवरचा धोका वेगात कमी आणि उंचीत, गर्दीत आणि धुळीत जास्त. टेबल टॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उडीवरून, उडालेला रायडर पलीकडे पडला तर मागून येणाऱ्याला तो दिसतच नाही. मधे मातीचा डोंगर असतो. मागचा हवेत असतानाच त्याला कळतं की उतरायच्या जागी माणूस आडवा आहे, आणि हवेत ब्रेक लागत नाही. ट्रॅकवर पाणी मारलेलं नसेल तर धुळीचा पडदा तेच काम सपाट जमिनीवरही करतो. म्हणून टँकर ही सोय नाही, सुरक्षेची वस्तू आहे. आणि प्रत्येक उडीच्या माथ्यावर पिवळा झेंडा घेतलेला मार्शल हवा, त्याची पाठ प्रेक्षकांकडे नको आणि हातात मोबाइल नको.

मग तिने एक पेशंट सांगितला. गाव नाही, नाव नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, गावच्या शर्यतीत पडला. हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली लागलं. उठला, कपडे झटकले, पाणी प्यायला, मित्रांची शर्यतही पाहिली. संध्याकाळी घरी पोट दुखायला लागलं, तेव्हा आईने ओवा दिला. रात्री अकराला आणला तेव्हा पांढराफटक होता, नाडी हाताला लागत नव्हती. प्लीहा फाटली होती आणि दुपारपासून पोटात रक्त साचत होतं. तो वाचला. “पण दुपारी त्याचं पोट दाबून पाहणारं, नाडी मोजणारं, अर्ध्या तासाने पुन्हा मोजणारं तिथे कुणी असतं, तर तो चालत दवाखान्यात आला असता.”

चालता येतं म्हणजे बरा आहे, ही मातीवरच्या खेळाची सगळ्यात जुनी समजूत आहे आणि ती चुकीची आहे. ‘पडला, उठला, पुन्हा बसला’ याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. मामांनीही तेव्हाच एक सांगितली. 1980 च्या दशकातली एक फायनल, दुसऱ्या फेरीत ते डोक्यावर आपटले, गाडी उचलली आणि तिसरे आले. “गंमत म्हणजे मला त्या फायनलचं काही आठवत नाही. करंडक घेतानाचा फोटो आहे म्हणून कळतं.”

भाची हसली नाही. “मामा, तो मेंदूला बसलेला धक्का होता. त्या अवस्थेत तुम्ही उरलेल्या फेऱ्या मारल्यात. पुन्हा एकदा डोकं आपटलं असतं तर मेंदूला सूज येऊन तुम्ही तिथेच जाऊ शकला असता, आणि मला मामा राहिला नसता.”

मामी आतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. ती गोष्ट त्यांनी लग्नापासून ऐकली होती, पण या बाजूने पहिल्यांदाच.

आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या, म्हणजे एफआयएमच्या, वैद्यकीय नियमांत हे स्पष्ट आहे: डोक्याला धक्का बसल्याचं निदान झालं की रायडर त्या दिवशी परत ट्रॅकवर जात नाही आणि पुढे तपासणीत तंदुरुस्त ठरल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. निर्णय रायडरचा नसतो, संघमालकाचा नसतो, वडिलांचाही नसतो. तो मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा असतो. आपल्याकडे या खेळाची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय आहे, ती एफआयएमची सदस्य आहे आणि तिच्या परवान्याने होणाऱ्या स्पर्धांना ही चौकट लागू असते. गावच्या शर्यतीला तो परवाना नसतो. तिथे मुलाला थांबवणारा माणूसच नसतो.

“हेच तर सांगतोय,” मामा सरसावून बसले. “परवाना, डॉक्टर, दोन रुग्णवाहिका, स्ट्रेचर, अमुक, तमुक. एवढं मागितलंस तर शर्यत होणारच नाही. आणि शर्यत झाली नाही म्हणून पोरं घरी बसतील असं वाटतं तुला? ती नवा रायपूरच्या रस्त्यावर जातील. सहा पदरी, मोकळा, रात्री कुणी नाही. मातीवर निदान सगळे एका दिशेने जातात. रस्त्यावर समोरून ट्रक येतो.”

हा मामांचा सगळ्यात सबळ मुद्दा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पण एकोणिसाव्या वर्षी मुलगा कलमं वाचून ॲक्सिलरेटर पिळत नाही. त्याला जागा हवी असते, बघणारे हवे असतात आणि मामांसारखा कुणीतरी पाठीवर थाप मारणारा हवा असतो. मातीचा ट्रॅक हे सगळं देतो. वर हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे गार्ड, बूट घालायला लावतो. गावची शर्यत बंद पाडून सुरक्षितता वाढेल असं मानणारा अधिकारी कागदावर जिंकेल आणि रस्त्यावर हरेल. भाचीनेही हे मान्य केलं, आणि लगेच मान्य केलं, कारण रस्त्यावरची मुलं रोज रात्री तिच्याच विभागात येतात.

“मी बंद करा म्हणतच नाहीये. मी क्रम बदला म्हणतेय. सत्कार आणि साउंड वर, रुग्णवाहिका खाली, हा क्रम.”

“पण 108 आहे ना! फुकट आहे.”

छत्तीसगडमध्ये संजीवनी एक्सप्रेस 108 ही सेवा 2011 पासून आहे आणि तिने अगणित लोकांना वेळेत दवाखान्यात पोचवलं आहे. पण ती सगळ्या मुलुखाची आहे. शर्यतीच्या मैदानावर दिवसभर तिला उभी करून ठेवली, तर त्या दिवशी पलीकडच्या गावात अडलेल्या बाळंतिणीला कुणी न्यायचं? आणि नुसतं ‘सांगून ठेवलं’ असेल तर हाक मारल्यावर ती निघणार, गर्दी कापत येणार, बांबूच्या कुंपणापाशी थांबणार, मग कुणीतरी दोरी सोडणार. तात्यापाऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शारदा चौक ते तात्यापारा चौक हा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा अरुंद पट्टा, त्याच्या रुंदीकरणाची चर्चा शहर वर्षानुवर्षे ऐकतंय. तिथे सायरन वाजवत अडकलेली गाडी पाहिली नाही असा इथला माणूस नाही. टाटीबंधच्या एम्सकडे जाणारा जीई रोड हाच आहे.

शिवाय रुग्णवाहिका म्हटली म्हणजे सगळ्या सारख्या नाहीत. आपल्या देशात त्यांच्यासाठी एआयएस-125 नावाचं मानक आहे आणि त्यात ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. ए म्हणजे प्रथमोपचार घेऊन येणारी दुचाकी वगैरे. बी म्हणजे रुग्णाला एका जागेहून दुसरीकडे नेणारं वाहन. सी मध्ये मूलभूत जीवरक्षक साधनं असतात आणि डी मध्ये प्रगत: मॉनिटर, व्हेंटिलेटर, श्वासनलिकेत नळी घालण्याचं सामान आणि ते वापरता येणारा माणूस. निळा दिवा लावलेली, आत एक खाट आणि एक रिकामा सिलिंडर असलेली व्हॅन बाहेरून यातल्या कुठल्याही प्रकारासारखी दिसू शकते. आयोजकाने ‘गाडी आहे’ म्हटलं की लोक दिवा बघून समाधान मानतात. दार उघडायला लावणारा क्वचितच.

मामांनी मग मद्रासचा विषय काढला. 2023 हे वर्ष भारतीय मोटरस्पोर्टसाठी फार वाईट गेलं. 8 जानेवारीला चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर 59 वर्षांचे अनुभवी कारचालक के. ई. कुमार अपघातात गेले. 5 ऑगस्टला त्याच ट्रॅकवर बंगळुरूचा 13 वर्षांचा दुचाकीस्वार गेला, आणि आयोजकांनी त्या फेरीच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. “तिथे काय नव्हतं? ट्रॅकवर वैद्यकीय केंद्र होतं, रुग्णवाहिका होती, लाल झेंडा लगेच पडला. तरी गेलेच ना? मग एवढा खर्च करून मिळतं काय?”

प्रश्न कडवट होता आणि मामा तो मुद्दाम विचारत नव्हते. तेरा वर्षांच्या मुलाची बातमी वाचून आपण दोन दिवस जेवलो नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं.

भाचीने उत्तर द्यायला वेळ घेतला. “काही इजांपुढे आम्ही हरतो. मैदानावर मी स्वतः उभी असले तरी हरते. पण सगळ्याच इजा तशा नसतात. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास अडतो, त्यात माणूस चार-पाच मिनिटांत जातो. आणि तो अडथळा दूर करायला एक शिकलेला माणूस आणि दोन हात लागतात. जखमेतून रक्त वाहतं, ते बऱ्याचदा दाबून थांबवता येतं. ही मरणं टाळता येण्यासारखी असतात. मी त्यांच्याबद्दल बोलतेय.”

मोटरस्पोर्टचा इतिहास तिच्या बाजूने आहे. 10 सप्टेंबर 1978 रोजी इटलीत मोंझाला शर्यत सुरू होताच गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्वीडनचा रॉनी पीटरसन जळत्या गाडीतून काढला गेला तेव्हा शुद्धीवर होता, पाय मोडले होते. लंडनचे मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स त्या वर्षी फॉर्म्युला वनचे डॉक्टर झाले होते. ते धावत पोचले, तर पोलिसांच्या कड्याने त्यांनाच आत सोडलं नाही. रुग्णवाहिकेला दहा मिनिटांहून जास्त लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटरसन गेला, मोडलेल्या हाडांतली चरबी रक्तात उतरून. वॉटकिन्सनी त्यानंतर अटी घातल्या: पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरची गाडी धावेल, भूलतज्ज्ञ हजर असेल, हेलिकॉप्टर तयार असेल. पुढच्या शर्यतीपासून ते सुरू झालं. 29 नोव्हेंबर 2020 ला बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली, तेव्हा तीच मागोमाग येणारी गाडी काही सेकंदांत पोचली आणि डॉक्टर इयन रॉबर्ट्स ज्वाळांपाशी उभे होते. ग्रोजाँ 28 सेकंद आगीत होता. तो जिवंत आहे.

“ते करोडोंचं काम,” मामा म्हणाले.

“पोलिसांनी डॉक्टरला आत सोडायला किती करोड लागतात?”

खरं तर ट्रॅकवरच्या डॉक्टरने काय बदलतं याचं सगळ्यात स्वस्त उदाहरण त्याहून जुनं आहे. 1914 साली इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकचे डॉक्टर एरिक गार्डनर यांच्या लक्षात आलं की दुचाकीस्वार पुन्हा पुन्हा डोक्याच्याच इजा घेऊन येताहेत. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचा टोप बनवून घेतला. शर्यती भरवणाऱ्या संघटनेने आधी नाक मुरडलं, मग त्याच वर्षीच्या आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत तो सक्तीचा केला. आज आपण रस्त्यावर घालतो त्या हेल्मेटची वंशावळ अशी एका ट्रॅकच्या डॉक्टरपाशी जाते. लाख म्हणजे काय हे छत्तीसगडला सांगायला नको, कुसुम आणि पळसाच्या झाडांवर ती इथे पिकते. मामांना ही गोष्ट फार आवडली. गॅरेजवाल्याला सुचतं ते उत्तर त्यात होतं: जे रोज मोडून येतं तिकडे नीट बघायचं.

वाद खऱ्या अर्थाने फिरला तो बोलण्याने नव्हे. भाचीने माळ्यावरून मामांचं जुनं हेल्मेट काढायला लावलं, ते दहावीतल्या नातवाच्या डोक्यावर चढवलं आणि त्याला पडवीत चटईवर निजवलं. “हा पडलाय. हाक मारली तर ओ देत नाही, आणि घशातून घरघर येतेय. मामा, काय कराल?”

मामा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून ओढायला घेतलं. आयुष्यभर तेच केलं होतं, मित्रांचंही, अनोळखी लोकांचंही. नातवाची मान मागे झुकली.

“थांबा.”

तिने त्यांना डोक्याच्या बाजूला बसवलं आणि हेल्मेट दोन्ही बाजूंनी नुसतं घट्ट धरायला सांगितलं, डोकं तसूभर हलणार नाही असं. मग स्वतः बाजूला बसून पट्टा सोडला. एक हात मानेखालून कवटीच्या मागे, दुसऱ्या हाताची बोटं जबड्याला. “आता मान माझ्याकडे आहे. तुम्ही हेल्मेटच्या कडा बाहेर फाकवा आणि हळू वर सरकवा. घाई नाही. नाकावर अडेल, तेव्हा किंचित तिरकं करा. निघालं? आता डोकं पुन्हा तुम्ही धरा, आणि स्ट्रेचरवर बांधेपर्यंत सोडायचं नाही.” श्वास नीट चालू असेल, रायडर बोलत असेल, तर शिकलेला माणूस येईपर्यंत हेल्मेटला हातच लावायचा नाही, हेही तिने सांगितलं. नव्या शर्यतीच्या हेल्मेटांत गालाच्या गाद्या बाहेरून ओढून काढायच्या लाल पट्ट्या असतात. गाद्या आधी काढल्या की हेल्मेट सहज सरकतं. अशा पट्ट्या असतात हे मार्शलला माहीत हवं.

तीनदा केलं. तिसऱ्यांदा नातवाची मान जराही हलली नाही. चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या हातांना कुठली वस्तू किती जोराने धरायची ते कळतं. भाची म्हणाली की पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना हे जमायला मामांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ती मन राखायला बोलत नव्हती.

मामा बराच वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी आजवर कितीजणांच्या माना ओढल्या असतील.”

इथे भाचीचंही काहीतरी बदललं. दुपारी ती यंत्रांबद्दल बोलत होती. आता ती माणसांबद्दल बोलायला लागली. गावच्या शर्यतीला हेलिकॉप्टर मिळणार नाही, पण गावातलीच दहा-बारा पोरं निवडून त्यांना एक दिवस शिकवता येतं: मान धरणं, श्वास बघणं, रक्त दाबून थांबवणं, पाच जणांनी एका तालावर कुशीवर वळवणं. हे मामांचंच म्हणणं होतं, फक्त त्यांनी ते वेगळ्या शब्दांत मांडलं होतं. ते सकाळपासून सांगत होते की खेळ माणसांवर चालतो, कागदांवर नाही.

“पण तुझे बैल बघ,” मामा मधेच म्हणाले. विदर्भातल्या शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, त्यांना लहानपणापासून ओढ. “तिथे कुठे कुणी डॉक्टर ठेवायचं?”

“आता ठेवावा लागतो, मामा. बैलांसाठी.” बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी आणली, महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आता महाराष्ट्राच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव हजार मीटरच्या आत लागते आणि बैल पळण्यायोग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. बैलाला दाखला लागतो, हे योग्यच आहे. भाठ्यावर उडी मारणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला तो का नको, याचं उत्तर मामांकडे नव्हतं आणि या लेखाकडेही नाही.

विम्याची गोष्ट थोडक्यात. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत वगळलेली असते, हे बहुतेक रायडरना अपघातानंतर कळतं. मामांनाही ठाऊक नव्हतं.

आणि ट्रॅकवर शिरणारी माणसं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी शिरली, एकाच कुटुंबातले तिघे गेले आणि चालक गौरव गिल जखमी झाला. ती परवान्याची, अनुभवी आयोजकांची स्पर्धा होती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनंडेग्वाच्या मातीच्या ट्रॅकवर 9 ऑगस्ट 2014 ला एक तरुण चालक अपघातानंतर रागाने गाडीतून उतरून चालत्या गाड्यांमध्ये गेला आणि चिरडला गेला. त्यानंतर आठवड्याच्या आत तिथल्या मोटार शर्यतींच्या नॅसकार या संस्थेने नियम केला: आग नसेल तर मदत येईपर्यंत गाडीत बसून राहायचं. दुचाकीला हे उलटं आहे, पडलेल्याने ट्रॅकच्या कडेला सरायचं, गाडी उचलत बसायचं नाही. पण मूळ गोष्ट एकच, ट्रॅकवर माणूस दिसला की शर्यत मंदावली पाहिजे. बांबू आणि दोरी प्रेक्षकांना ट्रॅकच्या काठावर आणतात. मामांनी कागदावर बांबूची ओळ खोडून दुहेरी कुंपण लिहिलं, मधे माणूस नसलेली पट्टी. हे त्यांनी स्वतःहून केलं.

जेवणानंतर दोघांनी कागद नव्याने लिहिला. पहिली ओळ: रुग्णवाहिका दोन, निदान एक डी प्रकारची, सकाळी दार उघडून सामान तपासायचं. दुसरी: डॉक्टर, ट्रॅकजवळ, मंचावर नव्हे. तिसरी: बाहेर जायची वाट मोकळी, तिच्यावर गाड्या लावू द्यायच्या नाहीत. चौथी: मेकाहारा या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला आणि एम्सला आदल्या दिवशी कळवायचं, कुठल्या इजेला कुठे न्यायचं ते ठरवून ठेवायचं. पाचवी ओळ मामांनी आपल्या अक्षरात लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या: एक गाडी पेशंट घेऊन गेली आणि दुसरी उरली नाही, तर ती परत येईपर्यंत शर्यत बंद. निवेदकाने माइकवर तसं सांगायचं.

पैसे कुठून, हा प्रश्न उरलाच होता. मामांनी सत्काराच्या शाली, फेटे आणि निम्मं साउंड काढून टाकलं. तरी भरत नव्हतं. त्यांनी प्रवेश शुल्क वाढवायला नकार दिला, कारण गरीब घरचा मुलगाच आधी गळेल. मग करंडकाची उंची कमी केली.

न मिटलेला मुद्दा लहान मुलांच्या गटाचा. मूळ कागदावर बारा ते पंधरा वयाची एक शर्यत होती. भाची म्हणते, ती काढा. मामा म्हणतात, सी. एस. संतोष, अरविंद यांच्यासारखे डकार रॅलीपर्यंत गेलेले रायडर तरुणपणी मातीवरच घडले. मूल लवकर शिकलं तर पडायलाही नीट शिकतं. भाचीने त्यांना आठवण करून दिली की याच सी. एस. संतोषला 2021 च्या डकारमध्ये पडल्यावर हेलिकॉप्टरने रियाधला नेऊन औषधांनी बेशुद्धीत ठेवावं लागलं होतं, आणि तो परत उभा राहिला कारण मागून येणारा स्पर्धक थांबला आणि वैद्यकीय पथक तयार होतं. मामांनी ते ऐकून घेतलं. मुलांची शर्यत त्यांनी काढली नाही. उड्या काढल्या, सपाट ट्रॅक ठेवला. भाचीला हे पुरेसं वाटत नाही. त्या ओळीपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं आणि ते तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी आयोजक पोरांना फोन केला. गेट पाडायला येईन म्हणाले, पण आधी रुग्णवाहिकेचं दार उघडून बघेन आणि डॉक्टर समोर दिसल्याशिवाय दोरी सोडणार नाही.

वाचकहो, या हिवाळ्यात तुमच्या गावाजवळ मातीची शर्यत असेल आणि तुमचं पोर बघायला किंवा धावायला जाणार असेल, तर तुम्हीही जा. रुग्णवाहिका कुठे उभी आहे ते आधी शोधा. तिच्यापुढे गाड्या लावल्या असतील तर त्या हलवायला लावा. डॉक्टर कोण ते विचारा. ती गाडी पेशंट घेऊन बाहेर पडली, दुसरी जागेवर नाही आणि तरी पुढची शर्यत सुरू होतेय असं दिसलं, तर माइकपाशी जाऊन ती थांबवायला सांगा. थांबवली नाही, तर आपलं मूल घेऊन घरी या.